वऱ्हाडचा कापूस, गिरगावची वाळू

बुलढाणा जिल्ह्याच्या पाण्याला दोन समुद्र आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगवलेली पैनगंगा पूर्वेला निघते आणि वर्धा, गोदावरी अशा लांबच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. घाटाखालची पूर्णा तापीत जाते आणि तापीबरोबर अरबी समुद्रात. माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकाच समुद्राकडे गेली. मलकापूर, नांदुरा, शेगाव यांपैकी कुठल्यातरी ठेसनावर संध्याकाळी गाडीत बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं. काम काहीही असो, मंत्रालयातली फाईल, टाटा हॉस्पिटलातला पेशंट, पोराची मुलाखत. ते आटोपलं की गिरगाव चौपाटी. समुद्र न पाहता जो परत आला, तो मुंबईला गेला होता हे गावात कुणी खरं मानत नाही.

हे नातं पर्यटनापुरतं असतं तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. ते पैशातून सुरू झालं, आणि तो पैसा कापसाचा होता.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. बुलढाणा ज्यात येतो ते वऱ्हाड 1853 पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेलं होतं, आणि वऱ्हाडची काळी माती कापसाचीच. खामगाव, अमरावती, शेगाव इथल्या बाजारांत कधी न ऐकलेले भाव निघू लागले. हा कापूस मुंबईच्या बंदरात पोचला की त्याची किंमत आणखी चढे. पाच वर्षांत मुंबईने नेहमीच्या कमाईपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मिळवले, असा त्या काळचा हिशेब आहे.

एवढा पैसा गप्प बसत नाही. मुंबईत रोज नवी बँक, नवी कंपनी निघू लागली, आणि त्यांतली सगळ्यांत गाजलेली होती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंत चंद्रकोरीसारखा वळलेला उथळ उपसागर भरून काढायचा आणि ती जमीन विकायची, असा बेत. प्रेमचंद रायचंद या सट्टेबाजांच्या राजाचा त्यात मोठा हात. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती. पण शेअर घेणाऱ्यांपैकी कुणी ओहोटीला जाऊन पाय भिजवून पाहिल्याची नोंद नाही.

1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 हा सौद्यांच्या हिशेबाचा दिवस. त्या दिवशी मुंबईतल्या कितीतरी पेढ्या एका फटक्यात बुडाल्या. बॅकबे कंपनी बुडाली आणि तिने अर्धवट टाकलेल्या भरावाची पट्टी शेवटी सरकारकडे आली. त्या पट्टीवरून बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे रूळ गेले. आज चर्चगेटहून सुटलेली लोकल चर्नी रोड, ग्रँट रोडकडे जाते, ती या बुडीत धंद्याच्या अवशेषावरून.

वऱ्हाडात काय झालं? भाव पडले, पण कापूस राहिला. नागपूरकडे जाणारी मुख्य लाईन खामगावला बगल देऊन गेली होती, म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा खास फाटा टाकला गेला. 1870 साली तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला. देशाचा सर्वोच्च अधिकारी एवढ्याशा फाट्यासाठी येतो, यावरून त्या बाजाराचं वजन कळावं. खामगावच्या प्रेसांत दाबलेल्या गाठी वॅगनीत चढायच्या आणि थेट मुंबईला. त्यांच्यामागोमाग माणसंही.

या सगळ्या भरावांतून, रुळांतून, सडकांतून गिरगावच्या तोंडाशी एक तुकडा वाचला. उपसागराच्या उत्तर टोकाला, मलबार हिलच्या पायथ्याशी, रुंद वाळूचा. मागे गिरगावच्या वाड्या आणि चाळी, बाजूला कोळ्यांच्या होड्या. 1889 मध्ये समोर विल्सन कॉलेजची इमारत उभी राहिली. त्याच सुमारास किनाऱ्यालगत जिमखाने आले: पारशांचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, हिंदूंचा वेगळा. सरकारने जमीनच तशी वाटून दिली. वाळूवर मात्र कुंपण घालता आलं नाही. भरती येणार, ओहोटी जाणार. अशा जागेचं मोजमाप तरी काय करणार आणि मालकी तरी कुणाला देणार? शहरात सभेला हॉल होते, पण त्यांना दारं होती आणि दारावर कुणीतरी उभं असायचं. चौपाटीला दार नव्हतं. मुंबईच्या राजकारणात तिला आलेलं महत्त्व मला तरी या एवढ्याच गोष्टीतून आलेलं दिसतं.

6 एप्रिल 1919 ला हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं. रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ होता. गांधीजी सकाळी चौपाटीवर आले, हजारो माणसांनी समुद्रात स्नान केलं आणि तिथेच सभा झाली. स्नानाला सरकार कशी बंदी करणार? उपास, स्नान, प्रार्थना या लोकांच्या रोजच्या गोष्टींतून राजकारण उभं करण्याची ती हातोटी वाळूवर चांगली जमली. संध्याकाळी शहरात बंदी असलेली पुस्तकं उघड विकली गेली.

पण चौपाटीचं नाव देशाच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं ते पुढल्या वर्षी.

31 जुलै 1920 ची रात्र उलटून 1 ऑगस्ट लागला आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी प्राण सोडला. वय चौसष्ट. बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहाटेपासून सरदारगृहासमोर माणसांचा समुद्र. पुण्याच्या लोकांची इच्छा अंत्यसंस्कार पुण्यात व्हावेत अशी, मुंबई ऐकेना. शेवटी मुंबईत करायचं ठरलं, आणि मग प्रश्न आला, कुठे? नेहमीची स्मशानभूमी म्हणजे क्वीन्स रोडवरचं सोनापूर. तिथे एवढी माणसं मावणं शक्यच नव्हतं. तेव्हा चौपाटीच्या वाळूवर अग्निसंस्कार करण्याची खास परवानगी सरकारकडून मिळवली गेली. ज्या सरकारने या माणसाला सहा वर्षं मंडालेत कोंडलं, त्याच सरकारला त्याच्या चितेसाठी शहराचा सर्वांत उघडा किनारा द्यावा लागला.

पाऊस होता. ऑगस्टचा, मुंबईचा, न थांबणारा. दोन लाखांच्या आसपास माणसं होती असं सांगतात; हा आकडा मोजून काढलेला नाही. सिंधचा दौरा आटोपून गांधीजी आणि जवाहरलाल नेहरू त्याच सकाळी मुंबईत उतरले होते, तेही चालले. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते, डॉ. किचलू होते. चाळींच्या गॅलऱ्या, गच्च्या, झाडं, दिव्यांचे खांब, जिथे पाय ठरेल तिथे माणूस. वाळूवर चंदनाची चिता रचली होती. देह संन्याशाप्रमाणे पद्मासनात बसवला होता. समोर समुद्र, वरून पाऊस, आणि त्यात चिता पेटली. अस्थी पुढे पुण्याला गेल्या, पण अग्नीची जागा मुंबईकडे राहिली.

असहकाराची चळवळ त्याच दिवशी सुरू व्हायची होती आणि झालीही. एक पर्व संपलं आणि दुसरं सुरू झालं असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. त्या दिवशी वाळूवर उभ्या असलेल्यांना मात्र फक्त पहिलं संपल्याचं कळलं असेल.

वऱ्हाडला हा शोक परका नव्हता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे जवळचे सहकारी. 1908 साली अकोल्याला शिवजयंतीच्या उत्सवात टिळकांचं भाषण झालं, तेव्हा शेगावचे गजानन महाराज व्यासपीठावर होते. महाराजांनी पुढच्या तुरुंगवासाचं भाकीत केलं आणि नंतर भाकरीचा प्रसाद पाठवला, ही कथा दासगणूंच्या ‘गजानन विजय’मुळे आजही घराघरात पोथीसारखी वाचली जाते, खरं तर पोथीच आहे ती. त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना अटक झाली. खामगावात टिळकांच्या नावाने राष्ट्रीय शाळा उभी राहिली, तीही याच जिव्हाळ्यातून. चौपाटीवर आज जो टिळकांचा पुतळा दिसतो तो 1933 चा, वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडवलेला. वऱ्हाडातून आलेला म्हातारा माणूस भेळीच्या गाड्यांकडे जाण्याआधी तिथे हात जोडतो. भेळीची घाई पोरांना.

1930 च्या एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं आणि मुंबईला काही लांब जावं लागलं नाही. समुद्र दारातच. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या बाया पुढे झाल्या. चौपाटीवरून खारं पाणी भरून आणायचं, चुलीवर आटवायचं आणि खाली उरेल ते कायदेभंगाचं मीठ. ते पुड्या बांधून विकलं गेलं. कमलादेवी तर शेअरबाजारात शिरल्या आणि तिथे मीठ विकून आल्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, माणसं पुन्हा आली.

वऱ्हाडात समुद्र कुठून आणणार? पण वऱ्हाडच्या पोटात मीठ होतं. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा इकडच्या विहिरींचं पाणी आजही तोंडात धरवत नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला अशा विहिरींच्या पाण्यातून पूर्वी मीठ काढत. 1930 मध्ये वऱ्हाडचा मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथे, किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटर आत. पुढे पावसाळ्यात बापूजी अण्यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला, कारण वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मिठापेक्षा चराईचा कायदा जास्त छळत होता. मुंबईची बाई चौपाटीचं पाणी आटवत होती, त्याच महिन्यात वऱ्हाडचा माणूस विहिरीचं. या दोन चुली एकाच इतिहासात क्वचितच मांडल्या जातात.

स्वातंत्र्यानंतर चौपाटीने सरकारला सवलत दिली नाही, फक्त सरकार बदललं होतं. 1955 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यात गुजरातसह द्विभाषिक मुंबई आणि वेगळा विदर्भ अशी शिफारस होती. काँग्रेसश्रेष्ठींनी मग तीन राज्यांची योजना पुढे केली: विदर्भासह महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई शहर. मराठी मुंबईचा संताप उसळला. 20 नोव्हेंबर 1955, रविवार. काँग्रेसने चौपाटीवर सभा घेतली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील बोलायला उभे राहिले. पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचं पाटलांचं बोलणं आणि काँग्रेस आहे तोवर ते होणार नाही, असं मोरारजींचं. समोरच्या गिरगावकरांनी, गिरणगावातून आलेल्या कामगारांनी दगड आणि जोडे फेकून सभा उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी, 21 नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसं मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा पुढचा आकडा, 105, प्रत्येक मराठी शाळकरी पोराला पाठ असतो. चौपाटीची ती सभा मात्र आता फार कुणी आठवत नाही. हुतात्मा चौकाला स्मारक आहे, उधळलेल्या सभेला कुठलं असणार?

आणि त्या रविवारी बुलढाणा जिल्हा कुठे होता? मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर. चौपाटीवर जी मुंबई मागितली जात होती ती अजून आमच्या राज्यातच नव्हती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि तेव्हापासून बुलढाण्याच्या माणसाची मुंबई ही ‘आपली’ झाली, निदान कागदावर. प्रामाणिकपणे सांगायचं तर विदर्भाचं मन दोन ठिकाणी होतं. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला धूळ चारली, विदर्भाने फारशी नाही. ब्रिजलाल बियाणी आणि बापूजी अणे, दोघेही स्वातंत्र्यलढ्यातले वऱ्हाडचे मोहरे, पण स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. तेव्हापासून कापसाच्या भावाचं, धरणाचं, अनुशेषाचं प्रत्येक गाऱ्हाणं घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणं आलं.

इतिहास असा मोजक्या दिवसांचा. बाकीचे सगळे दिवस चौपाटी शहराच्या अंगणासारखी वापरली गेली. चाळीतल्या एका खोलीत सात माणसं राहत, तेव्हा म्हाताऱ्याला संध्याकाळी जायला जागा हवी, नवपरिणीत जोडप्याला दोन शब्द बोलायला जागा हवी. भेळ, कुल्फी, तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणारे मालिशवाले, वाळूचे देव करणारे कारागीर, हाताने फिरवायचे पाळणे. दसऱ्याआधी रामलीला आणि रावणाचं दहन. आणि अनंत चतुर्दशी. 1893 साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून विसर्जनाची ही मुख्य जागा. लालबागचा राजा 1934 पासून बसतो आणि तिथून एवढ्या लांब इथेच येतो. समुद्र मात्र मंडळाच्या वेळापत्रकाला बांधील नाही. 2013 मध्ये पाण्यात उतरलेल्या साठाहून अधिक भाविकांना पाकट माशांनी डंख मारले. 2025 मध्ये लालबागचा राजा सकाळी चौपाटीवर पोचला आणि भरतीमुळे नव्या तराफ्यावर चढेचना. विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले. टीव्हीवर दिवसभर चर्चा. कोळ्यांना भरतीची वेळ तोंडपाठ असते, त्यांना विचारलं की काम सोपं होतं, हे गिरगावात त्या रात्री कितीजणांच्या तोंडी होतं.

26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री याच चौपाटीसमोरच्या रस्त्यावर नाकाबंदीत एक चोरलेली स्कोडा अडवली गेली. सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी दहशतवादी कसाबची बंदूक धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि बंदूक सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. ओंबळे साताऱ्याच्या जावळीतले. त्यांचा पुतळा आता तिथे आहे.

त्याआधीच चौपाटीची सभा मात्र संपली होती. आवाज, कचरा, वाहतूक यांवरून जनहित याचिका झाल्या आणि उच्च न्यायालयाने वाळूवरच्या सभा-समारंभांवर कडक बंधनं घातली. विसर्जन आणि रामलीलेसारखे परंपरेचे उत्सव तेवढे उरले. पर्यावरणाच्या बाजूने पाहिलं तर निर्णय रास्त. पण बंधनातून वाट काढण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातल्या महाराष्ट्र रजनीसाठी उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि परवानगी घेऊन आलं. 14 फेब्रुवारीला कार्यक्रम सुरू असताना भव्य रंगमंच आगीत जळून खाक झाला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. उद्योगपती आणि सिनेतारकांसाठी उघडलेली ही वाळू शेतकऱ्याच्या सभेला उघडलेली नाही. मोर्चेकऱ्यांनी आझाद मैदानात बसायचं, लोखंडी अडथळ्यांच्या आत.

नोव्हेंबर 2022 मध्ये बुलढाण्याचे शेतकरी नेते रविकांत तुपकर यांनी सोयाबीन आणि कापसाच्या भावासाठी आधी बुलढाण्यात मोठा एल्गार मोर्चा काढला आणि मग घोषणा केली की मुंबईत जाऊन अरबी समुद्रात जलसमाधी घेऊ. दीडशे वर्षांपूर्वी या जिल्ह्याच्या कापसाच्या पैशाने तो समुद्र बुजवायचा घाट घातला होता. आता त्याच कापसाला भाव नाही म्हणून शेतकरी त्यात उतरायला निघाले होते. शेकडो माणसं गाड्या भरून निघाली, बंदोबस्त लागला. 24 तारखेला तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांबरोबर सह्याद्री अतिथीगृहावर बैठक झाली, काही मागण्यांवर आश्वासन मिळालं आणि आंदोलन स्थगित झालं. सह्याद्री अतिथीगृह मलबार हिलवर आहे. टेकडीच्या पायथ्याशी चौपाटी. त्या हंगामात कापूस सुरुवातीला बऱ्या भावाने गेला, पुढे उतरला, आणि घाटाखालच्या कितीतरी घरांत भाव वाढेल या आशेने तो उन्हाळ्यापर्यंत खोल्यांतून रचून ठेवलेला होता.